काका म्हणतात दोन आठवड्यांत खोली सोड. मी भाडेकरू की लॉजर?

पोटमाळा

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये घर भाड्याने घेण्याचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा, डोकं चालेनासं झालंय.

नोकरीसाठी दीड वर्षापूर्वी रेडिंगला आलो. ओळखीतून एका मराठी कुटुंबाकडे खोली मिळाली. काका, काकू आणि त्यांची शाळेत जाणारी मुलगी. मला सगळ्यात वरची, छपराखालची खोली आणि तिला लागून एवढंसं बाथरूम. स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच, फ्रीजमधला खालून दुसरा कप्पा माझा. महिन्याला ६५० पाउंड, त्यात वीज, गॅस, इंटरनेट सगळं आलं. डिपॉझिट ६५०, काकांच्या खात्यावर भरलेलं.

गेल्या रविवारी काकांनी चहा पिता पिता सांगितलं की काकूंच्या बहिणीचा मुलगा मास्टर्सला येतोय, खोली त्याला लागेल, "दोन आठवड्यांत बघ कुठेतरी". आवाज चढवला नाही, उलट ओशाळल्यासारखे बोलत होते. पण दोन आठवड्यांत या शहरात खोली कुठून काढू?

काकांनी तेव्हा नेटवरून एक करार उतरवून घेतला होता. वर ठळक अक्षरात 'अश्युअर्ड शॉर्टहोल्ड टेनन्सी', म्हणजे इथल्या भाडेकरूंचा नेहमीचा करार. मुदत सहा महिन्यांची, पुढे महिन्याच्या हिशोबाने तसंच चालू. त्यात एक कलम आहे की कोणालाही करार संपवायचा असेल तर एक महिना आधी लेखी कळवायचं. काकांनी तो स्वतः वाचला असेल असं वाटत नाही.

ऑफिसातला एक जण म्हणतो, "कागदावर टेनन्सी लिहिलंय ना, मग तू टेनंट. डिपॉझिट कुठल्या योजनेत ठेवलेलं नाही, म्हणजे तिप्पट मागता येतील. आणि १ मे पासून कायदा बदललाय, आता कारणाशिवाय कोणालाच काढता येत नाही." तिप्पट म्हणजे १,९५०. आकडा ऐकून झोप उडाली, खोटं कशाला बोलू.

पण दुसरीकडे, डिसेंबरात मला फ्लू झाला तेव्हा चार दिवस काकूंनी तीन जिने चढून मऊ भात आणून दिलाय. त्यांच्यापुढे कायद्याचा कागद कसा ठेवायचा? की ठेवायचाच नाही? आधी मला हे कळू दे की मी नक्की आहे कोण, भाडेकरू की लॉजर, म्हणजे मालकाच्याच घरात त्याच्याबरोबर राहणारा.

तिरसट

मऊ भाताचे हप्ते दर महिन्याला ६५०ने फेडलेत तुम्ही. करारावर टेनन्सी लिहून सही केली ना त्यांनी? मग झालं. खेचा कोर्टात. आपलीच माणसं परदेशात आपल्याला जास्त लुटतात हे मी पंधरा वर्षं बघतोय.

चिंचोका

तिरसट, थांबा जरा. हा मुलगा कोर्टात गेला तर हात हलवत परत येईल, वर फी जाईल ती वेगळी.

पोटमाळा, मी कॉव्हेंट्रीत राहते. आधी स्वतः लॉजर होते, मग भाडेकरू झाले, आणि मधली काही वर्षं एका सल्ला केंद्रात आठवड्यातून एक दिवस फुकट बसायचे. तिथे समोर येणाऱ्या दहा जणांतल्या निदान चौघांची गोची नेमकी तुमचीच असायची. कागद हातात घट्ट धरून यायचे आणि घराबद्दल काही सांगायचेच नाहीत. म्हणून मी कागद न बघता आधी तीन गोष्टी विचारते. मालक त्याच घरात राहतो का, ते त्याचं मुख्य घर आहे का, आणि त्याच्याबरोबर तुम्ही काय काय वाटून वापरता?

तुमच्या मजकुरातच उत्तर आहे. काका-काकू तिथेच राहतात, स्वयंपाकघर एक. तुम्ही लॉजर. इथल्या कायद्याच्या भाषेत 'एक्सक्लूडेड ऑक्युपायर', म्हणजे १९७७च्या प्रोटेक्शन फ्रॉम इव्हिक्शन अॅक्टने भाडेकरूला जे कवच दिलंय त्यातून वगळलेला माणूस. स्वतंत्र बाथरूम असल्याने फरक पडत नाही, स्वयंपाकघर सामाईक आहे तेवढं पुरतं. फक्त जिना किंवा बोळ सामाईक असता, किंवा सामान ठेवायची जागा, तर ते धरलं नसतं. कायद्यात ते स्पष्ट वगळलंय.

आता तुमच्या करारावरच्या ठळक अक्षरांबद्दल. इथे १९८५चा एक गाजलेला निकाल आहे, स्ट्रीट विरुद्ध माउंटफर्ड. बोर्नमथच्या बोस्कम भागात श्रीमती माउंटफर्डना आठवड्याला ३७ पाउंडांवर दोन खोल्या दिलेल्या. मालक श्री. स्ट्रीट हे स्वतः सॉलिसिटर. त्यांनी कागदावर हुशारीने 'लायसन्स' असं लिहून घेतलं, आणि मला भाडेकरूचं संरक्षण मिळणार नाही हे मला मान्य आहे, अशी बाईंची सहीही घेतली. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. लॉर्ड टेम्पलमन यांनी सांगितलं की खोल्या पूर्णपणे तुमच्या ताब्यात आहेत, मुदत ठरली आहे, भाडं ठरलं आहे, तर ती टेनन्सीच. त्यांचा दाखला मला फार आवडतो. जमीन खणायला पाच दात्यांचं अवजार बनवलंत तर तो फोर्कच, बनवणारा त्याला फावडं म्हणाला म्हणून फावडं होत नाही. बाई जिंकल्या.

तुमचा मित्र हा निकाल अर्धा ऐकून आला असावा. नाव काहीही द्या, वस्तू बदलत नाही, हे दोन्ही बाजूंनी लागू आहे. भाडेकरूच्या कागदावर 'लायसन्स' लिहून तो लॉजर होत नाही, तसं लॉजरच्या कागदावर 'टेनन्सी' छापून तो भाडेकरू होत नाही. त्याच निकालात लॉजरची खूणही सांगितली आहे. मालक तुम्हाला काही सेवा देतो आणि त्यासाठी तुमच्या खोलीत त्याला केव्हाही ये-जा करावी लागते, तर तुम्ही लॉजर. काका-काकू तुमच्या खोलीत येतात का हो?

पोटमाळा

येतात! छप्पर उतरतं तिथे भिंतीत एक बुटकं कपाट आहे. त्यात त्यांच्या चार मोठ्या बॅगा, काकांचं जुनं प्रिंटर आणि गणपतीचं मखर. काकू दर पंधरा दिवसांनी व्हॅक्यूम करायला येतात, तेव्हा काहीतरी काढतात नाहीतर ठेवतात. मी घरी असलो तर हाक मारतात, नसलो तर तशाच. खोलीला कुलूप नाही. मला कधी खटकलं नाही, घरात कोण कुलूप लावतं?

चिंचोका

तर मग मखरानेच तुमचा निकाल लावला. चेष्टा करते आहे, पण खरंच अशाच गोष्टी पाहिल्या जातात.

बरं, कोणी वकिली करून म्हणालाच की नाही, ती खोली त्याच्या पूर्ण ताब्यात होती, म्हणून टेनन्सी. समजा मान्य केलं. तरी पुढे दोन भिंती आहेत. मालक त्याच घरात राहतो तेव्हा १९८८च्या हाउसिंग अॅक्टप्रमाणे ती 'अश्युअर्ड' टेनन्सी होतच नाही. आणि स्वयंपाकघर सामाईक असल्यामुळे तुम्हाला काढायला काकांना कोर्टाचा आदेश लागत नाही. दोन्ही वाटा त्याच दारात येतात.

यावरून बाकीच्या प्रश्नांची उत्तरं पटकन देते.

तिप्पट डिपॉझिट विसरा. डिपॉझिट ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत ठेवायचं, नाही ठेवलं तर एकपट ते तिप्पट दंड, हा नियम खरा आहे, पण तो अश्युअर्ड भाडेकरूंसाठी. लॉजरचं डिपॉझिट मालकाने स्वतःच्या खात्यात ठेवलं तर त्यात बेकायदा काही नाही. पण ते पैसे तुमचेच आहेत. काही नुकसान नसताना परत दिले नाहीत तर साधं येणं म्हणून काउंटी कोर्टात ऑनलाइन दावा करता येतो. १०,००० पाउंडांपर्यंत स्मॉल क्लेम, वकील लागत नाही.

१ मे २०२६ पासूनचा नवा कायदा, म्हणजे रेंटर्स राइट्स अॅक्ट. त्याने सेक्शन २१ गेला, कारण न देता भाडेकरूला बाहेर काढायची सोय संपली, सगळ्या टेनन्सी मुदतीविना चालू राहणाऱ्या झाल्या. भाडेकरूसाठी मोठी गोष्ट आहे. लॉजरला त्यातलं काही मिळालेलं नाही. तुमच्या मित्राने 'कोणालाच' म्हटलं, तिथे चुकलं.

आता तुमच्या बाजूचं. लॉजरला मालकाने 'वाजवी' मुदतीची सूचना द्यायची असते. सहसा भाड्याचा जो हप्ता, तेवढी मुदत वाजवी धरतात. आठवड्याने भाडं देत असाल तर आठवडा, महिन्याने देत असाल तर महिना. करारात काही लिहिलं नसेल तर तोंडीही चालते. पण तुमच्या करारात लिहिलंय! 'टेनन्सी' हा मथळा चुकीचा असला तरी 'एक महिना आधी लेखी' हे वचन काकांनी दिलंच आहे आणि ते त्यांना बांधतं. तेव्हा दोन आठवडे नाहीत, एक महिना, आणि तोही त्यांनी लिहून दिल्या दिवसापासून. तुमच्या हातात एवढंच आहे. पण एवढं पुरेल.

महिना संपला आणि तुम्ही हललाच नाहीत, तर काका कुलूप बदलू शकतात. ऐकायला कठोर वाटतं, पण तसं आहे. घरात तुम्ही विरोध करत उभे असताना दार फोडणं, अंगावर येणं हा गुन्हा आहे, आणि तुमचं सामान ते दाबून ठेवू शकत नाहीत. हेच भाडेकरूच्या बाबतीत केलं असतं, कोर्टाच्या आदेशाशिवाय नुसतं कुलूप जरी बदललं असतं, तरी मालकावर फौजदारी गुन्हा झाला असता. दोघांमधला सगळ्यात मोठा फरक मला विचाराल तर हा. डिपॉझिट वगैरे नंतर.

एक राहिलं. हे सगळं इंग्लंडपुरतं. वेल्सचा कायदा डिसेंबर २०२२ पासून पूर्ण वेगळा आहे, स्कॉटलंडचा आधीपासूनच. ग्लासगोहून कोणी वाचत असेल तर यावर विसंबून काही करू नका.

भटकी

चिंचोकाताई, उलटी बाजूही सांगा हो लोकांना. 'मालक इथेच राहतो' असं सांगून फसवणारेही आहेत. माझंच सांगते.

२०२२मध्ये पूर्व लंडनमध्ये एका घरात खोली घेतली. जाहिरातीत 'लिव्ह-इन लँडलॉर्ड', करारावर 'लॉजर'. तीन खोल्यांत आम्ही तिघी आणि जिन्याजवळची चिमुकली खोली मालकाची, कायम कुलपात. भाडं ७००, डिपॉझिट ७००. पहिले दोन महिने मला वाटायचं की माणूस रात्रपाळी करत असेल. नंतर लक्षात आलं, बाथरूममध्ये त्याचा साधा ब्रशही नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी यायचा, पत्रं घ्यायचा, सिंकजवळ उभा राहून पाणी प्यायचा आणि जायचा.

हीटिंग बंद पडलं म्हणून मी तीनदा तक्रार केली, तर मेसेज आला, सात दिवसांत खोली सोड, तू लॉजर आहेस. सिटिझन्स अॅडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेत गेले. त्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला की तो झोपतो कुठे. मी हसले होते.

मग मी पुरावे गोळा केले, म्हणजे फोनमध्ये होतेच. "माझी पत्रं आली असतील तर फोटो पाठव" असे त्याचे अकरा मेसेज. एकदा पार्सल चुकून आमच्याकडे आलं तेव्हा "ते माझ्या घरी पाठव" म्हणून त्याने दिलेला पत्ता, पाच मैलांवरचा, बायकोमुलांसकट. झालं. तो तिथे राहतच नव्हता, म्हणजे मी लॉजर नव्हते, टेनंट होते. डिपॉझिट संरक्षित नव्हतं, म्हणून तेव्हाची सेक्शन २१ची नोटीससुद्धा त्याला देता येत नव्हती. कौन्सिलने त्याला पत्र लिहिलं की कुलूप बदललंस तर खटला भरू. मी डिपॉझिटसाठी दावा लावला. सुनावणीआधीच त्याने १,४०० दिले, माझे ७०० आणि वर तेवढेच. तिप्पट मिळाले असते का माहीत नाही, मला तेव्हा फक्त संपवायचं होतं.

चिंचोका

भटकी, शाब्बास. यात एक बारकावा आहे जो पुष्कळांना माहीत नसतो. तुम्ही राहायला येण्याच्या आधी आणि तुमचा करार संपतानाही, दोन्ही वेळेला ते मालकाचं एकमेव किंवा मुख्य घर असावं लागतं. मध्येच एके दिवशी बॅग घेऊन येऊन "आता मी इथे राहतो, तुम्ही लॉजर झालात, निघा" हे चालत नाही. एका बाईंच्या मालकाने खरंच असं केलेलं मी पाहिलंय. हॉलमध्ये फुगवायची गादी टाकून बसला होता.

पाचवा_गडी

मध्येच घुसतो, माफी. आम्ही पाच जण मिल्टन कीन्समध्ये. घर घेतलंय आमच्यातल्या एकाने, एजंटबरोबर करार त्याच्या एकट्याच्या नावावर. बाकी चौघे त्याला दर महिन्याला पैसे देतो, कागद काहीच नाही. आम्ही कोण? लॉजर की टेनंट की नुसतेच मित्र?

चिंचोका

घ्या. सगळ्या आयटीवाल्यांचं हे घर.

तुमचा मालक एजंट नाही, मूळ घरमालकही नाही. तुमचा मालक तुमचा मित्र. तो त्याच घरात राहतो, स्वयंपाकघर एक, म्हणून तुम्ही चौघे त्याचे लॉजर. त्याचं आणि एकाचं भांडण झालं तर त्या एकाला तो वाजवी मुदत देऊन काढू शकतो. त्याची नोकरी बदलली आणि त्याने घर सोडलं तर तुमच्या पायाखालची सतरंजी जाते, कारण मूळ मालकाशी तुमचं नातंच नाही. वर, त्याच्या करारात बहुतेक असं लिहिलेलं असेल की मालकाच्या परवानगीशिवाय कोणाला ठेवायचं नाही. आणि एका घरात वेगवेगळ्या घरचे पाच जण म्हटल्यावर कौन्सिलचा परवाना लागतो, एचएमओचा, म्हणजे अनेक कुटुंबांतल्या लोकांनी वाटून घेतलेल्या घराचा. तो आहे का ते आजच विचारा. शक्य असेल तर एजंटला सांगून पाचही नावं करारावर घाला. मग पाचही जण भाडेकरू व्हाल. पण एकाने भाडं बुडवलं तर उरलेल्या चौघांच्या मानेवर बसेल, हेही ऐकून ठेवा.

पाचवा_गडी

बाप रे. मित्राला हे दाखवू का नको?

तिरसट

दाखवा आणि मग पुढचा धागा काढा.

नळदुर्ग

लॉजरच्या बाजूने सगळे बोलले, घरमालकाची बाजू कोणी मांडतच नाही. मी मांडतो. लेस्टरला माझ्या घरी नऊ वर्षं लॉजर ठेवतोय, आतापर्यंत सहा जण झाले, एकाचंही डिपॉझिट बुडवलेलं नाही. एकाने बाथटबमध्ये जीन्स रंगवली होती, त्याचे कापले.

माणसाला असं वाटतं की मालक फुकटचे पैसे घेतो. दर वर्षी गॅसची तपासणी मला करून घ्यावी लागते, लॉजर असला तरी. राइट टु रेंटची, म्हणजे माणसाला इथे भाड्याने राहायचा हक्क आहे का याची तपासणी मलाच करायची, त्याच्याकडून शेअर कोड (त्याचा व्हिसा ऑनलाइन तपासायचा सरकारी क्रमांक) घेऊन. ती चुकली तर २०२४ पासून पहिल्या खेपेलाच लॉजरमागे ५,००० पाउंडांपर्यंत दंड. भाडेकरू असेल तर १०,०००पर्यंत. म्हणजे सरकारसुद्धा दंड करताना लॉजर आणि भाडेकरू वेगळे धरतं, बघा. कोणी एकटा राहत असेल तर कौन्सिल टॅक्समधली २५ टक्के सूट लॉजर आला की जाते. लॉजर पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर सूट राहते. लॉजर दोनच्या वर गेले की घर एचएमओ होतं आणि मग नियमांचा डोंगर. डिपॉझिटही वाटेल तेवढं घेता येत नाही, २०१९पासून इंग्लंडमध्ये साधारण पाच आठवड्यांच्या भाड्याइतकीच मर्यादा आहे आणि ती लॉजरलाही लागू आहे. पोटमाळा यांचे ६५० त्यात बसतात, मी हिशोब केला, ७५० पर्यंत चाललं असतं.

आणि पोटमाळा यांच्या काकांसाठी एक निरोप. स्वतःच्या घरातली खोली सामानासकट दिली तर वर्षाला ७,५०० पाउंडांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त, 'रेंट अ रूम' योजना. २०१६पासून आकडा तोच. ६५० गुणिले १२ म्हणजे ७,८००. वीज-गॅसचे पैसे त्यात धरलेत म्हणून वजा करता येत नाहीत, हातात आलेली सगळी रक्कम मोजतात. म्हणजे काका ३००ने वर गेलेत, त्यांना टॅक्स रिटर्न भरून सांगावं लागतं. मी पहिल्या वर्षी हीच चूक केली. तेव्हापासून माझी खोली ६२५ला. ना एक पेनी कमी, ना जास्त.

तिरसट

वा! म्हणजे पोटमाळांकडे हुकमाचा एक्का आहे. महिना देत नसतील तर टॅक्सवाल्यांना कळवतो म्हणायचं.

चिंचोका

तिरसट, असलं काही त्याला शिकवू नका. एकतर ती धमकी झाली. दुसरं म्हणजे, त्याला अजून महिनाभर त्याच ओट्यावर चहा करायचा आहे.

पोटमाळा, मी काय केलं असतं ते सांगते. 'लॉजर', 'टेनंट', 'राइट्स' यातला एकही शब्द न काढता करार टेबलावर ठेवायचा आणि त्या कलमावर बोट. काका, आपलं असं ठरलं होतं, मला एक महिना द्या. ते हो म्हणाले की तारीख लिहून मागायची, व्हॉट्सअॅपवर चालेल. डिपॉझिटबद्दल त्याच बैठकीत बोलायचं. शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करू का, असं विचारा. ते तयार असतील तर तेही लिहून घ्या. भाडं आणि डिपॉझिट तुमच्याकडे सारखंच आहे, हिशोब एका ओळीत मिटतो. त्यांच्या संमतीशिवाय मात्र भाडं थांबवू नका. काही जण परस्पर थांबवतात आणि मग हक्काची बाजू असूनही थकबाकीदार ठरतात.

खोलीचे फोटो आज काढा, बाथरूमच्या फरशीसकट. आणि नवी खोली शोधायला आजच लागा, महिना मिळणार असला तरी. व्हिसावर 'नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी मदत मिळणार नाही अशी अट असेल तर कौन्सिलकडून घराची अपेक्षा ठेवता येणार नाही.

पोटमाळा

काल रात्री बोललो.

काकूंनी भांडी आवरेपर्यंत थांबलो, मग करार काढला. काकांनी चष्मा लावून कलम दोनदा वाचलं. म्हणाले, "हे मी वाचलंच नव्हतं रे. पहिलं पान भरलं आणि सही केली." मग काकूच त्यांच्यावर उखडल्या. त्यांना 'दोन आठवडे' हे माहीतच नव्हतं. त्यांनी काकांना "लवकर सांगून ठेवा" एवढंच म्हटलं होतं, पठ्ठ्याने आकडा स्वतःच घातला. भाचा आल्यावर पहिले काही दिवस हॉलमध्ये झोपेल असं ठरलं. माझ्यासमोर बसूनच काकांनी व्हॉट्सअॅपवर तारीख टाकली, कालपासून बरोबर एक महिना, आणि खाली 'डिपॉझिट शेवटच्या भाड्यात वळतं'. इंग्रजीत, स्पेलिंगच्या दोन चुकांसकट. मी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

कराचं बोलायची हिंमत झाली नाही. मग झोपायला जाताना जिन्यावरून म्हटलं, "काका, नवीन करार कराल तेव्हा रेंट अ रूम म्हणून काहीतरी आहे ते एकदा बघा." भाच्याकडून ते भाडं घेणार आहेत की नाही, देव जाणे.

ऑफिसातल्या मित्राला सांगितलं की मी लॉजर निघालो. तो म्हणाला, मग मी कोण? तो ज्या घरात राहतो तिथे मालकाचा मुलगा राहतो आणि मालक दुबईत. ताई, याचं काय?

चिंचोका

छान केलंत. मखर काढायला काकूंना मदत करा जाण्याआधी.

मित्राला विचारा, करार कोणाशी आहे? दुबईच्या बापाशी असेल तर नुसतं मुलगा राहतो म्हणून तो लॉजर होत नाही. मालकाच्या घरच्या माणसाबरोबर स्वयंपाकघर वाटून घेतलं तरी वगळलं जातं हे खरं, पण त्यासाठी मालक स्वतः निदान त्याच इमारतीत राहायला हवा. दुबई म्हणजे फारच लांब झालं. पण करार मुलाशी असेल आणि घरावर अधिकार मुलाचाच असेल, तर मात्र तो मुलाचा लॉजर. कागद बघितल्याशिवाय मी यापुढे बोलणार नाही. शेल्टर या घरांच्या प्रश्नांवर सल्ला देणाऱ्या संस्थेच्या हेल्पलाइनला फोन करायला सांगा.

पोटमाळा

सांगतो. आणि एक खोली बघून आलो, वोकिंगहॅमला. एकट्या राहणाऱ्या गोऱ्या आजी आहेत, एक मांजर. आत गेल्या गेल्या मी विचारलं, तुम्ही इथेच राहता ना? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, म्हणाल्या की चाळीस वर्षं राहतेय, आता कुठे जाऊ. म्हणजे पुन्हा लॉजरच. त्यांच्या कागदावरही 'लॉजर अॅग्रीमेंट' असंच लिहिलंय, दोन्ही बाजूंनी चार आठवड्यांची सूचना, आणि शेअर कोड त्यांनी स्वतःहून मागितला. खोलीला आतून कडी आहे. कपाट रिकामं आहे, सगळं. मी उघडून बघितलं.

नळदुर्ग

भाडं किती?

पोटमाळा

६२५.